शाहू (एकाच नावाचे छत्रपती)

शाहू : भोसले घराण्यातील एकाहून अधिक छत्रपतींचे नाव. सातारच्या गादीवर या नावाचे दोन राजे झाले : थोरले शाहू (१६८२–१७४९) आणि धाकटे शाहू (मृत्यू १८०८). तिसरे कोल्हापूरचे राजर्षी शाहू (१८७४–१९२२). गंमत अशी की, तिघांपैकी एकाचेही जन्मनाव शाहू नव्हते.

थोरले शाहू हे संभाजी महाराज व येसूबाई यांचे पुत्र. जन्म माणगावजवळच्या गांगवली येथे. नाव ठेवले आजोबांचे, शिवाजी. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा मायलेक मोगलांच्या हाती सापडले. ‘शाहू’ हे नाव औरंगजेबाच्या छावणीत रूढ झाले, असे सांगतात. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७०७ मध्ये, त्यांची सुटका झाली. पण घरी परतल्यावर गाठ पडली ती काकू ताराबाईंशी. हा तोतया आहे, असाही बोभाटा झाला. खेडच्या लढाईत शाहूंची सरशी झाली आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव आणि नानासाहेब या तिन्ही पेशव्यांना पेशवाईची वस्त्रे त्यांनीच दिली. पेशव्यांच्या पराक्रमापुढे धन्याचे नाव झाकोळले, हा इतिहासलेखनातला अन्यायच म्हणावा लागेल. माणसे हेरण्याचे आणि एकमेकांशी भांडणारे सरदार सांभाळण्याचे काम त्यांनी चाळीस वर्षे केले. चुलतभाऊ कोल्हापूरकर संभाजींशी १७३१ मध्ये झालेल्या वारणेच्या तहाने घरातला तंटाही त्यांनी मिटवला. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्यांची समाधी आहे, आणि त्यांच्या लाडक्या कुत्र्याचीही.

धाकटे शाहू हे मूळचे विठोजी, वावीकर भोसल्यांपैकी. थोरल्या शाहूंनंतर गादीवर आलेल्या रामराजांनी १७७७ मध्ये त्यांना दत्तक घेतले. एव्हाना सारी सत्ता पुण्यात पेशव्यांकडे एकवटली होती. छत्रपतींकडे वस्त्रे देण्याचा मान तेवढा उरला होता. १७९८ मध्ये पुण्यातल्या गोंधळाची संधी साधून त्यांनी सातारचा किल्ला ताब्यात घेतला. पण परशुरामभाऊ पटवर्धनांनी त्यांचा पाडाव केला. बंधू चतुरसिंग कोल्हापूरकडे निसटले. शाहूंच्या मागे त्यांचे पुत्र प्रतापसिंह गादीवर आले.

राजर्षी शाहू हे कागलकर घाटग्यांचे यशवंतराव. चौथ्या शिवाजींच्या विधवा पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी त्यांना दत्तक घेतले आणि नाव ठेवले शाहू. ज्या ताराबाईंनी कोल्हापूरच्या गादीचा पाया घातला, त्यांच्याच प्रतिस्पर्ध्याचे हे नाव. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. १८९९ मध्ये पंचगंगेवर स्नानाच्या वेळी भटजी क्षत्रियांसाठीच्या वेदोक्त मंत्रांऐवजी शूद्रांसाठीचे पुराणोक्त मंत्र म्हणत आहेत आणि स्वतः आंघोळही न करता आले आहेत, हे उघड झाले. वेदोक्त प्रकरणाची ठिणगी ती. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज विलायतेत असताना, करवीर (कोल्हापूर) संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. पुढे सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण, वेगवेगळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे आणि कुस्तीला आश्रय. भोगावती नदीवरील राधानगरी धरणाचे काम त्यांनी सुरू केले. ते पुरे मात्र स्वातंत्र्यानंतर झाले. मार्च १९२० मधील माणगाव परिषदेत त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाला जाहीर पाठिंबा दिला. ‘राजर्षी’ ही पदवी मात्र कोल्हापूरची नव्हे. ती १९१९ मध्ये कानपूरला कुर्मी समाजाच्या परिषदेत मिळाली. तिथल्या विद्यापीठालाही आज त्यांचेच नाव आहे. मृत्यू मुंबईत, ६ मे १९२२.

नुसते ‘शाहू महाराज’ लिहिले की घोटाळा होतो. पेशवे, चौथाई, सरदेशमुखी यांचा उल्लेख असेल तर थोरले. वसतिगृहे, आरक्षण, वेदोक्त असेल तर राजर्षी. धाकटे बहुधा कोणाला आठवतच नाहीत. पेठांच्या नावांवरून तर अजिबात अंदाज बांधू नये : शाहूपुरी साताऱ्यात आहे, तशी कोल्हापुरातही; कोल्हापूरची ही गूळ-बाजाराची पेठ राजर्षींनी १८९५ मध्ये वसवली. कोल्हापूरचे विद्यमान महाराजही शाहूच असून २०२४ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले.