एक रस्ता, अनेक वेग : ल माँची शर्यत आणि १९५५ चा प्रश्न

१/
११ जून १९५५. फ्रान्समधील ल माँ शहराजवळचा मोटारशर्यतीचा मार्ग. सायंकाळचे साडेसहा वाजत आले आहेत. चोवीस तासांची शर्यत सुरू होऊन अडीच तासही झालेले नाहीत. एवढ्यात घडलेल्या अपघातात ऐंशीहून अधिक प्रेक्षक आणि एक चालक प्राणास मुकले. मोटारशर्यतींच्या इतिहासात याहून भीषण अपघात झालेला नाही.

२/
‘चूक कोणाची?’ हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत विचारला जातो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्याआधीचा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. वेगात, आकारात आणि सामर्थ्यात इतका फरक असलेल्या गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच वेळी मुळात आल्याच कशा? या धाग्यात त्याचा मागोवा घेऊ.

३/
त्यासाठी १९२३ पर्यंत मागे जावे लागेल. पहिले महायुद्ध संपून पाच वर्षेही झालेली नव्हती. मोटार अजून नाजूक, लहरी आणि महागडी वस्तू होती. ग्रां प्री शर्यतींतून वेग सिद्ध होत असे. पण सामान्य ग्राहकाला हवी होती भरवशाची गाडी. रात्री दिवे टिकतील का? पहाटेच्या गारठ्यात इंजिन चालू होईल का? पावसात छत उघडेल का?

४/
तीन व्यक्तींनी या प्रश्नांची परीक्षा घेण्याचे ठरवले. स्थानिक मोटार क्लबचे सचिव जॉर्ज द्युराँ, पत्रकार शार्ल फारू आणि रज-व्हिटवर्थ या चाके बनवणाऱ्या कंपनीच्या फ्रान्समधील शाखेचे एमिल कोकिय. सार्वजनिक रस्त्यांचा सुमारे १७ किलोमीटरचा वळसा, सलग चोवीस तास आणि अर्थातच एक संपूर्ण रात्र. २६ व २७ मे १९२३ रोजी पहिली शर्यत झाली.

५/
ही परीक्षा सर्व प्रकारच्या गाड्यांची होती, हे ध्यानात घ्यावे. पहिल्या वर्षी ३३ गाड्या उतरल्या. त्यांत सुमारे १.१ लिटर इंजिनाच्या चिमुकल्या गाड्या होत्या, तशीच ५.३ लिटरची एक्सेल्सियरही होती. त्यांची थेट तुलना करणे अन्यायाचे ठरले असते. म्हणून इंजिनाच्या आकारमानानुसार प्रत्येक गाडीला गाठावयाचे किमान अंतर ठरवून दिले गेले. मोठ्या इंजिनाला मोठे अंतर, लहान इंजिनाला लहान.

६/
आणखी एक गंमत म्हणजे पहिल्या वर्षी औपचारिक अर्थाने विजेता कोणी नव्हताच! सर्वाधिक अंतर, म्हणजे सुमारे २,२०९ किलोमीटर, आंद्रे लागाश आणि रने लेओनार यांच्या शनार-वाल्करने कापले आणि लोकांनी तिलाच विजयी मानले. संयोजकांच्या लेखी मात्र आपापले ठरावीक अंतर पूर्ण करणारी प्रत्येक गाडी उत्तीर्ण होती. ३३ पैकी ३० गाड्या अखेरपर्यंत टिकल्या.

७/
‘एका शर्यतीत अनेक शर्यती’ या कल्पनेचे मूळ इथे आहे. १९२० च्या दशकातच ‘कामगिरीचा निर्देशांक’ नावाची स्वतंत्र स्पर्धा रुजली. गाडीने प्रत्यक्ष कापलेले अंतर आणि तिच्या इंजिनासाठी ठरवलेले अंतर यांचे गुणोत्तर काढायचे. ज्याचे गुणोत्तर मोठे, तो श्रेष्ठ. त्यामुळे रस्त्यावर बरीच मागे असलेली गाडीही सन्मानाने पारितोषिक नेऊ शकत असे.

८/
यात अर्थकारणही होते. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच उत्पादकांचे बळ लहान गाड्यांत होते. १९५४ साली एकूण शर्यत जिंकली ती जवळपास ५ लिटरच्या इटालियन फेरारीने. पण निर्देशांकाचा मान मिळाला रने बोने व एली बायोल यांच्या फ्रेंच डीबी-पान्हारला. तिचे इंजिन ७५० घनसेंटीमीटरच्या गटातले होते. लहान गाड्यांना वगळणे म्हणजे यजमानांनीच आपल्या मांडवाबाहेर उभे राहण्यासारखे झाले असते.

९/
वेगांतील तफावतीचा प्रश्न ल माँपुरता नव्हता. इटलीतील मिल्ये मिल्या ही सुमारे हजार मैलांची शर्यतही सर्व गटांची असे. तिथे गाड्या एकेक करून सोडत. लहान गाड्या रात्री आधी, बलाढ्य गाड्या सकाळी नंतर. गाडीचा क्रमांक हीच तिची सुटण्याची वेळ. १९५५ ची विजेती, स्टर्लिंग मॉसची मर्सिडीज, ७२२ क्रमांकाची होती. ती सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली होती.

१०/
ल माँची रीत निराळी. दुपारी चार वाजता सर्व चालक रस्ता ओलांडून आपापल्या गाडीकडे धावत आणि सारा ताफा एकदमच निघे. लांबट वळशावर वेगवान गाड्या लवकरच पुढे जात आणि मग मागून येऊन संथ गाड्यांना पुनःपुन्हा गाठत. चोवीस तासांत अशा भेटी शेकड्यांनी होत. ओलांडणे हा या शर्यतीचा अपवाद नव्हता, तो तिचा नित्यनेम होता.

११/
आता दोन आकडे शेजारी ठेवू. १९२३ मध्ये आघाडीच्या गाडीचा चोवीस तासांचा सरासरी वेग ताशी ९२ किलोमीटर होता. १९५५ मध्ये तो ताशी १७२ किलोमीटर झाला. सरळ पट्ट्यात तर आघाडीच्या गाड्या ताशी अडीचशेच्या पुढे जात. बत्तीस वर्षांत यंत्र पार बदलले. प्रेक्षागृहासमोरचा रस्ता मात्र त्या मानाने बदललाच नाही.

१२/
त्या रस्त्याचे स्वरूप नीट पाहू. उजवीकडे पिट, म्हणजे इंधन भरण्याच्या व चाके बदलण्याच्या जागा. पिट आणि धावता रस्ता यांच्यात ना भिंत, ना वेग कमी करण्यासाठी वेगळी मार्गिका. डावीकडे मातीचा बुटका बांध आणि त्यामागे दाटीवाटीने उभे प्रेक्षक. थांबू पाहणारी गाडी आणि पूर्ण वेगातील गाडी एकाच अरुंद पट्ट्यावर असत.

१३/
त्या सायंकाळी जॅग्वारचा माइक हॉथॉर्न आणि मर्सिडीजचा हुआन मान्वेल फँजिओ यांच्यात अटीतटीची चुरस चालली होती. हॉथॉर्नने लान्स मॅकलिनच्या ऑस्टिन-हीलीला मागे टाकले आणि पिटमध्ये जाण्यासाठी उजवीकडे घेऊन ब्रेक दाबले. त्याला टाळण्यासाठी मॅकलिन डावीकडे वळला. त्याच क्षणी मागून पिएर लवेगची मर्सिडीज येत होती.

१४/
मर्सिडीज ऑस्टिन-हीलीच्या उतरत्या पाठीवर चढली, हवेत उडाली आणि बांधावर आदळून विखुरली. तिचे इंजिन आणि पुढचे जड भाग गर्दीत घुसले. गाडीचे अंग मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. ते प्रखर ज्वाळांनी जळत राहिले. लवेग जागीच ठार झाला. मागून येणारा फँजिओ कसाबसा निसटला. लवेगने हात वर करून आपल्याला सावध केले, असे तो पुढे सांगत असे.

१५/
लवेग कोण होता? वय ४९. याच मार्गावर १९५२ मध्ये त्याने आपली टॅल्बो गाडी दुसऱ्या चालकाच्या हाती न देता जवळपास तेवीस तास एकट्याने चालवली होती आणि तो आघाडीवर होता. शेवटच्या तासात इंजिन निकामी झाले. विजय मिळाला तो मर्सिडीजला. तीन वर्षांनी त्याच मर्सिडीजने त्याला आपल्या संघात घेतले होते.

१६/
शर्यत थांबवली गेली नाही. प्रेक्षक एकाच वेळी बाहेर पडले असते तर रुग्णवाहिकांचे रस्ते अडले असते, असे कारण संयोजकांनी दिले. मध्यरात्रीनंतर मर्सिडीजने आघाडीवर असतानाही आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या. जॅग्वारने शर्यत सुरू ठेवली. हॉथॉर्न आणि आयव्हर ब्यूब विजयी ठरले. मर्सिडीजने त्या वर्षाअखेर शर्यती सोडल्या.

१७/
आता पुन्हा ‘चूक कोणाची?’ हॉथॉर्नने उशिरा ब्रेक लावले, मॅकलिन अकारण वळला, लवेगचे वय झाले होते, असे आरोप झाले. फ्रान्समधील अधिकृत चौकशीने मात्र कोणाही चालकाला दोषी धरले नाही. हॉथॉर्नने १९५८ च्या आत्मचरित्रात आपल्यावरील जबाबदारी नाकारली; त्यामुळे दोष आपल्यावर येतो असे वाटून मॅकलिनने बदनामीचा दावा लावला. त्याचा निकाल लागण्याआधीच, जानेवारी १९५९ मध्ये, हॉथॉर्न इंग्लंडमधील एका सार्वजनिक रस्त्यावर मोटार अपघातात मरण पावला.

१८/
फ्रेंच इतिहासकार फर्नां ब्रोदेल यांनी घटनेच्या अल्पजीवी काळाखाली संथपणे वाहणारा दीर्घ काळ पाहावयास शिकवले. ल माँचा अपघात तसा वाचून पाहावा. वरचा थर काही सेकंदांचा : ब्रेक, वळण, धडक. खालचा थर बत्तीस वर्षांचा : सर्वांना सामावून घेणारी उदार कल्पना, यंत्रांची झेप आणि जागच्या जागी राहिलेला रस्ता. हॉथॉर्नने त्या दिवशी ब्रेक लावले नसते, तरी ही तफावत कधीतरी आपला हिशेब मागणारच होती.

१९/
धडा दोन प्रकारे घेतला गेला. स्वित्झर्लंडने १९५८ च्या कायद्याने वळशाच्या मार्गावरील मोटारशर्यतींना बंदी घातली. ती इतकी टिकली की २०१८ मध्ये झ्युरिकला विजेवरील गाड्यांची शर्यत झाली तेव्हाही विशेष मुभा घ्यावी लागली. इटलीतील मिल्ये मिल्या १९५७ साली प्रेक्षकांचा बळी घेणाऱ्या अपघातानंतर बंद पडली.

२०/
ल माँने दुसरा मार्ग निवडला. लहान गाड्या काढून टाकल्या नाहीत, रस्ता बदलला. पिटचा परिसर पाडून नव्याने बांधला, पट्टा रुंद केला, प्रेक्षक मागे नेले. कामासाठी १९५६ ची शर्यत जुलैअखेर ढकलावी लागली. त्या वर्षी खास शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्यांच्या इंजिनांवर २.५ लिटरची मर्यादाही आली. धावत जाऊन सुरुवात करण्याची प्रथा मात्र १९६९ पर्यंत चालली. घाईत पट्टे न बांधण्याच्या धोक्याविरुद्ध त्या वर्षी जॅकी इक्स मुद्दाम चालत गाडीकडे गेला आणि शेवटच्या क्रमांकावरून सुरुवात करून जिंकला.

२१/
अनेक गटांची कल्पना आजही शाबूत आहे. ६२ गाड्या, तीन गट : हायपरकार, एलएमपी२ आणि जीटी३. हायपरकार आणि जीटी३ यांच्यात एका फेरीला साधारण अर्ध्या मिनिटाचा फरक असतो. म्हणजे सात-आठ फेऱ्यांत वेगवान गाडी संथ गाडीला पुन्हा गाठते. शिवाय जीटी३ च्या प्रत्येक गाडीत किमान एक चालक ‘कांस्य’ श्रेणीचा असावा लागतो. ही श्रेणी प्रामुख्याने हौशी चालकांची. त्यामुळे अनुभवातील अंतरही या रस्त्यावर धावत असते.

२२/
आता एक विलक्षण योगायोग. ११ जून २०११. १९५५ चीच तारीख. शर्यतीच्या पहिल्याच तासात ॲलन मॅकनिशची आघाडीची ऑडी एका जीटी गटातील फेरारीला घासली, फेकली गेली आणि संरक्षक भिंतीवर आदळून चक्काचूर झाली. सुटे भाग भिंतीपलीकडे उभ्या छायाचित्रकारांच्या अंगावरून गेले. त्याच रात्री माइक रॉकेनफेलरच्या ऑडीचीही जीटी गटातील फेरारीशी गाठ पडून तशीच गत झाली.

२३/
कारण तेच : वेगवान गाडी, संथ गाडी, एकच जागा. परिणाम मात्र वेगळा. कोणीही मेले नाही. कार्बन तंतूंच्या मजबूत कवचातून दोन्ही चालक जिवंत बाहेर आले. मधल्या ५६ वर्षांत माणसे अधिक सावध झाली किंवा कमी चुकू लागली, असे मानण्यास आधार नाही. बदलले ते चुकीभोवतीचे जग : भिंती, जाळ्या, कवच, मोकळ्या जागा. उरलेल्या एकमेव ऑडीने ती शर्यत १४ सेकंदांहूनही कमी फरकाने जिंकली.

२४/
त्याच्या पुढच्या वर्षी, २०१२ मध्ये, करुण चांढोक या शर्यतीत धावणारा पहिला भारतीय ठरला. त्याच्या संघाची गाडी सहावी आली. त्याच शर्यतीत अँथनी डेव्हिडसनची टोयोटा एका जीटी फेरारीशी टक्कर होऊन हवेत उलटली आणि त्याच्या मणक्याला दुखापत झाली. प्रश्न संपलेला नाही. दर जूनमध्ये तो नव्याने सोडवावा लागतो.

२५/
समारोप. १९२३ मधील कल्पना चुकीची नव्हती. लहानमोठ्या सर्वांना एकाच मैदानात, पण प्रत्येकाला त्याच्या मापाने मोजायचे, हा विचार आजही देखणा वाटतो. मात्र सर्वांना एकत्र बोलावणाऱ्यावर सर्वांना पुरेल असा रस्ता बांधण्याची जबाबदारीही येते. ती बत्तीस वर्षे पुढे ढकलली गेली आणि तिची किंमत बांधाशी उभ्या असलेल्या प्रेक्षकांनी मोजली. त्यांतील बहुतेकांना हॉथॉर्न, मॅकलिन वा लवेग यांच्यापैकी कोणाची चूक होती, हे ठरवण्याइतकाही वेळ मिळाला नाही. इतिहास वाचताना गुन्हेगार शोधण्याआधी रस्ता किती रुंद होता, हे जरूर पाहावे.

धागा इथे संपतो. शंका, दुरुस्त्या आणि भर यांचे स्वागत आहे.