पान हवें तेव्हांच



संगणकावर एखादें पान उघडण्यास विलंब लागला म्हणजे आपण यंत्राला दोष देतों. पुष्कळदां दोष रचनेचा असतो. जें पाहावयाचें नाहीं, तेंही आधींच मागविलेलें असतें.

यावरील उपाय जुना आहे. १९६२ सालीं इंग्लंडांत मँचेस्टर विद्यापीठांत 'अ‍ॅटलस' संगणक सुरू झाला. त्याची मुख्य स्मृति १६,३८४ शब्दांची. फिरत्या चुंबकीय ड्रमवर जागा त्याच्या सहापट. टॉम किलबर्न व त्यांचे सहकारी यांनीं ही सारी स्मृति ५१२ शब्दांच्या पानांत विभागली. जें पान लागे, तेंच यंत्र ड्रमवरून आपण होऊन आणी.

तशीच युक्ति पुढें वेबपृष्ठांच्या रचनेंत दिसते. २०१३ सालीं 'रिॲक्ट' हें साधन सर्वांस खुलें झालें. त्यांत पान लहान लहान घटकांचें बनतें. हे सर्व घटक एकाच गठ्ठ्यांत बांधून पाठविण्याची चाल होती. २०१८ सालच्या १६.६ या आवृत्तींत 'लेझी' ही सोय आली. घटक प्रथम दाखविण्याची वेळ येते, तेव्हांच तो मागविला जातो. तोंवर 'सस्पेन्स' तात्पुरती पाटी दाखवितो.

'लेझी' म्हणजे आळशी. शाळामास्तराच्या कानाला हा शब्द खटकतो. परंतु हा आळस नव्हे, काटकसर आहे. मात्र पुढें ढकललेलें काम टळत नाहीं. परीक्षेचा निकाल पाहावयास बसलेल्या खेड्यांतील मुलानें बटण दाबलें आणि जाळें मंद असलें, तर ऐन क्षणीं खोळंबा त्याच्याच वांट्यास येतो. म्हणून निकाल आधीं आणावा, शोभा मागून. हा विवेक यंत्राचा नव्हे, रचनाकाराचा आहे.