उतारावर गाडी कोण धरतं? खान्देशातल्या ओढणाऱ्यांची दोनशे वर्षं

मोटारीच्या मागे छोटंसं घर जोडून फिरणाऱ्या लोकांचे रील्स आता आपल्याही फोनवर येतात. आत गादी, शेगडी, पाण्याची टाकी, वर सोलर पॅनल. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून तर ‘आपणही करूया का’ असं म्हणणारे मित्र प्रत्येक ग्रुपवर सापडतात. आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: हे ओढायला कोणती गाडी घ्यावी? लगेच हॉर्सपॉवर, टॉर्क, डिझेल की पेट्रोल अशी चर्चा सुरू होते.

हा प्रश्न नवा वाटतो, पण जळगाव-धुळ्याकडच्या माणसांनी तो गेली दोनशे वर्षं पुन्हा पुन्हा सोडवलाय. घर, माल, बायकापोरं घेऊन लांब जायचं आहे, तर ओढायला काय जुंपायचं? त्यांची उत्तरं काळाप्रमाणे बदलत गेली. ती एकापुढे एक ठेवली की लक्षात येतं, ओढणाऱ्याची ताकद हा प्रश्नाचा सोपा भाग आहे.

चाकच नको

पहिलं उत्तर होतं, ओढायचंच नाही. बंजारा तांडे धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून नेत. पाठीच्या दोन्ही बाजूंना गोण्या, मागे-पुढे शेकडो बैल, आणि सोबत तांड्याचा सगळा संसार. एक बैल पाठीवर साधारण शंभर-सव्वाशे किलो नेतो. तीच जोडी गाडीला जुंपली तर टनभर माल ओढते. मग गाडी का नाही?

कारण नकाशा पाहा. खान्देश म्हणजे तापीचं खोरं. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेला सह्याद्री. बाहेर पडायचं तर बहुतेक दिशांना घाट आडवा येतो. चांगला रस्ता नसलेल्या घाटात चाकाचा उपयोग शून्य, उलट धोकाच जास्त. पाठीवर लादलेला बैल मात्र पायवाटेनेही चढतो-उतरतो. रस्ता नसताना पाठ हेच शहाणपणाचं उत्तर होतं.

१८१८ मध्ये इंग्रजांनी खान्देश घेतला. कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला मुख्य ठाणं केलं. डोंगरातल्या वाटा भिल्लांच्या ताब्यात होत्या. १८२५ मध्ये जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. चाळीसगावहून कन्नडला चढणाऱ्या घाटाला आजही त्याचंच नाव आहे, औट्रम घाट. सत्तेला घाट हवे होते ते आधी फौजेसाठी आणि मग कापसासाठी.

दमणी आणि खटारा

रस्ते झाले तशी गाडी आली. दख्खनमध्ये आधीच्या गाड्या भरीव चाकांच्या, अवजड. १८३० च्या दशकात लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्याने सोलापूरकडच्या टेंभुर्णीत हलक्या गाड्या बनवायला सुरुवात केली. आऱ्यांचं चाक, वर लोखंडी धाव, अशी गाडी पुढे सगळीकडे पसरली. मुंबई-आग्रा रस्ता लळिंगच्या खिंडीतून धुळ्यात येतो आणि सोनगीर, शिरपूर, पळासनेर करत सातपुड्यात शिरतो. त्या रस्त्यावरून कापसाच्या गाड्या मुंबईकडे निघत.

लोक तेव्हाही कामाप्रमाणे गाडी निवडत. मालासाठी खटारा. माणसांसाठी दमणी: हलकी, वर छप्पर, आत गवत आणि त्यावर गोधडी. सासर-माहेर, लग्न, जत्रा यासाठी दमणी निघायची. म्हणजे आजच्या भाषेत आपला ट्रॅव्हल ट्रेलर. बैलही वेगळे. पळणाऱ्या कामाला खिल्लार, ज्याची एक जात तापीकाठच्या थिल्लारी लोकांनी सांभाळली. जड ओढीला निमाडी. दमणीला खिल्लार आणि खटाऱ्याला निमाडी ही निवड कुठल्याही ब्रोशरशिवाय होत होती.

गाडीवानाला आणखी एक गोष्ट पक्की माहीत होती, ती म्हणजे उलाळ. माल मागे जास्त झाला की धुरा वर उठते, जोत बैलांच्या गळ्याला आवळतं, आणि पुढे जड झालं की सगळं ओझं मानेवर येतं. म्हणून भरताना पोती पुढे-मागे सरकवायची आणि धुरा हाताने उचलून वजन अजमावायचं. आज ट्रेलरची कंपनी सांगते की ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर यायला हवा, नाहीतर तो रस्त्यावर शेपटीसारखा हलायला लागतो. जत्रेला निघालेल्या गाडीवानाने तेच हाताने केलं होतं.

थोडं गणित

आता पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंगचं गणित करू. आकडे अंदाजाचे आहेत, पण मुद्दा त्यांच्यावर अडत नाही.

बैल दिवसभर आपल्या वजनाच्या साधारण दहा टक्के जोराने ओढू शकतो. चारशे किलोचे दोन बैल म्हणजे ऐंशी किलोचा जोर. गाडी आणि माल मिळून दीड टन धरा. लोखंडी धावेचं चाक मुरमाच्या रस्त्यावर वजनाच्या पाच टक्के अडवतं, म्हणजे पंचाहत्तर किलो. ऐंशीत पंचाहत्तर बसले. सपाटीवर जोडी आरामात जाते.

आता घाट. वीस फुटांना एक फूट चढ असेल तर वजनाचा विसावा हिस्सा, म्हणजे आणखी पंचाहत्तर किलो मागे ओढतात. एकूण दीडशे. जोडी अडते. म्हणून घाटाच्या पायथ्याशी पुढे आणखी एक जोडी जुंपायची रीत होती. कसाऱ्याच्या थळ घाटात १८६५ मध्ये रेल्वे चढली, तेव्हाही हाच प्रश्न आला. तिथला चढ ३७ ला १. उत्तरही तेच निघालं: गाडीला जादा इंजिन. आजही कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना भुसावळकडे जाणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात.

पण खरी गंमत उताराची आहे. तोच घाट उतरताना उतार पंचाहत्तर किलोने पुढे ढकलतो, आणि लोखंडी चाक पंचाहत्तर किलोनेच अडवतं. बाकी शून्य! गाडी बैलांच्या अंगावर येत नाही. जास्त तीव्र उतार असेल तर चाकाला लाकडी ठोकळा दाबायचा, थांबायचं झालं तर चाकाखाली दगडाची उटी लावायची. म्हणजे आपण ज्याला मागास म्हणतो त्या खडखडणाऱ्या चाकात एक फुकटचा ब्रेक होता.

टायर आला, ब्रेक गेला

मग रबरी टायरची गाडी आली. लोक तिला डनलॉप गाडी किंवा टायरगाडी म्हणतात. डांबरी रस्त्यावर तिचा अडथळा दोन टक्क्यांवर येतो. त्याच जोडीला सपाटीवर तीन टनही ओढता येऊ लागले. बंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक राहिलेले एन. एस. रामस्वामी यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत बैलगाडी सुधारण्याचा ध्यासच घेतला होता. बैलाच्या मानेवरचं जू आणि गाडीची रचना यांत सुधारणा झाली पाहिजे, असं ते सांगत.

पण गणित पुन्हा करा. तीन टनांच्या टायरगाडीला त्याच उतारावर दीडशे किलो पुढे ढकलतात आणि चाकं अडवतात फक्त साठ. उरलेले नव्वद किलो कोण धरतं? बैल. मानेने. चढावर ऐंशी किलो ओढायला जन्मलेली जोडी उतारावर नव्वद किलो मागे रेटत राहते, तेही डांबरावर, नाल ठोकलेल्या घसरत्या पायांनी. सुधारणेने ओढायचं काम हलकं केलं आणि थांबवायचं काम गुपचूप जनावराच्या मानेवर टाकलं.

हे कुठे दिसतं? ऊसतोडीला. चाळीसगावसारख्या तालुक्यांतून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास माणसं साखर कारखान्यांकडे निघतात. त्यांतली बरीच त्याच बंजारा समाजातली, ज्यांचे पूर्वज पाठीवर माल लादून हा मुलूख पालथा घालत. पांझरा-कान, शिरपूर असे इथले कारखाने वर्षानुवर्षं बंद राहिले. कामासाठी लांब जाणं आलंच. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची.

आणि इथे तो प्रश्न अगदी खरा होतो: कशाने जायचं? स्वतःचे बैल असतील तर टायरगाडी. मग उसाची वाहतूकही आपलीच, वाढे चाऱ्याला मिळतात, उरले तर विकताही येतात. पण बैल घ्यायला पुन्हा उचल, आणि बैल आजारी पडला तर कर्ज डोक्यावर आणि हंगाम हातचा. दुसरा पर्याय ट्रॅक्टरच्या टोळीत जायचं. दहा-बारा जोड्या, ट्रॅक्टर दुसऱ्याचा, आपले फक्त हात. अलीकडे तिसराही निघालाय: बैलांच्या जागी छोटा ट्रॅक्टर जोडलेली गाडी, जिला लोक सरळ ‘जुगाड’ म्हणतात. बैल महाग झाले, त्यांना वर्षभर पोसावं लागतं. इंजिनला हंगाम संपल्यावर चारा लागत नाही. हप्ता मात्र लागतो.

यातला कोणताही पर्याय निवडताना ‘किती हॉर्सपॉवर’ हा प्रश्न शेवटी येतो. आधी येतं ते, ओढणारा कोणाचा आणि बिघडला तर भरायचं कोणी.

ट्रॉलीवरचं घर

टोळी निघते तेव्हा ट्रॉली पाहा. खाली धान्याची पोती, भांडी, पत्रे, कोपीसाठी बांबू, वर गोधड्या, त्यावर बायका-मुलं, एखादी शेळी. हाच खान्देशातला सर्वांत जास्त वापरला जाणारा ट्रॅव्हल ट्रेलर आहे. त्याचे रील्स निघत नाहीत.

परतीचं सोडा, हंगामात याच ट्रॅक्टरच्या मागे दोन ट्रॉल्या आणि दहा-पंधरा टन ऊस असतो. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन साधारण दोन टन. बारा टन धरले तर त्याच वीसास एक उतारावर सहाशे किलो पुढे रेटतात, चाकं अडवतात जेमतेम अडीचशे. उरलेले साडेतीनशे किलो दोन टनांच्या ट्रॅक्टरने धरायचे, ज्याचे ब्रेक बहुधा फक्त मागच्या चाकांना असतात. ट्रॉलीला तर पुष्कळदा ब्रेकच नसतो. म्हणून जाणता चालक उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकतो आणि क्लचला पाय लावत नाही. जो मध्येच न्यूट्रल करतो त्याच्या मागची ट्रॉली पुढे यायला बघते, आणि ट्रॅक्टर कोयत्यासारखा मिटतो.

मालाच्या ट्रॉलीतून माणसं न्यायची कायद्याने परवानगी नाही. अपघात झाला की विम्याच्या दाव्यात हाच मुद्दा पुढे येतो. म्हणजे उतारावरचा सगळा भार शेवटी त्यांच्यावर येतो, ज्यांनी ना ट्रॅक्टर निवडला, ना ट्रॉली.

हा धोका फक्त गरिबाच्या ट्रॉलीचा नाही. ४ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशाकडून धुळ्याकडे येणारा एक कंटेनर पळासनेरला ब्रेक निकामी होऊन सुटला. वाटेतल्या गाड्यांना उडवत तो रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा जण गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने औट्रम घाटात जड वाहनांना बंदी झाली. ज्या घाटांनी दोनशे वर्षांपूर्वी चाकाला नकार दिला होता, ते आजही वजनाचा हिशोब मागतात.

मग कोणती गाडी घ्यावी?

आता तुमच्या ट्रेलरकडे येऊ. दीड टनाची एसयूव्ही आणि मागे साडेसातशे किलोचं छोटं घर. वीसास एक चढावर ते घर जेमतेम चाळीस किलो मागे ओढतं. आजचं कुठलंही बरं इंजिन ते ओढेल. पण समोर अचानक गाय आली आणि तुम्ही जोरात ब्रेक दाबला, तर ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसताना तेच घर तीन-चारशे किलोच्या जोराने मागून रेटतं. युरोपात साडेसातशे किलोपुढच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचा आहे तो यासाठीच. तिथले जुने कॅराव्हॅनवाले नवख्याला सांगतात की ट्रेलर मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नको.

म्हणून शोरूममध्ये विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. गाडी किती वजनाची? कंपनीने ट्रेलर ओढायची परवानगी किती किलोची दिली आहे? हुक चॅसीला जोडलाय की नुसता बंपरला? ट्रेलरला स्वतःचा ब्रेक आहे का? त्याची वेगळी नोंदणी झालीय का? भरताना पाण्याची टाकी मागे टाकली तर उलाळ होईल का? यांची उत्तरं मिळाली की हॉर्सपॉवरबद्दल खुशाल बोला.

चैत्रात खान्देशातून सप्तशृंगी गडाकडे पायी निघालेली माणसं रस्त्याकडेने चालताना दिसतात. त्यांच्या मागून एखादा टेम्पो किंवा ट्रॅक्टर हळूहळू येत असतो, अंथरुणं आणि शिधा घेऊन. त्याला ओव्हरटेक करायची घाई झाली, तर आधी त्याच्या मागे नीट बघा. ट्रॉलीला ब्रेक असेलच असं नाही, आणि वरच्या गोधडीत कोणीतरी झोपलेलं असू शकतं.