ट्विन-स्टिक शूटर म्हणजे काय? दोन जॉयस्टिकच्या 'रोबोट्रॉन: २०८४' ची गोष्ट

मोबाइलवर 'ब्रॉल स्टार्स' खेळताना तुमचा डावा अंगठा काय करतो? खेळाडूला पळवतो. आणि उजवा? नेम धरतो. पळायचं एकीकडे आणि गोळी मारायची दुसरीकडे, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की ते कधीकाळी कुणाला तरी सुचावं लागलं असेल, असं वाटतही नाही.

या पद्धतीच्या गेम्सना 'ट्विन-स्टिक शूटर' म्हणतात. एक स्टिक चालायला, दुसरी गोळ्या झाडायला. ही पद्धत लोकप्रिय करणारा गेम म्हणजे १९८२ साली अमेरिकेतल्या आर्केडमध्ये आलेला 'रोबोट्रॉन: २०८४'. आज चाळीस वर्षं उलटून गेली तरी या प्रकारातल्या नव्या गेमची तुलना त्याच्याशीच होते. असं काय होतं त्याच्यात?

गेम कुणी बनवला?

युजीन जार्विस आणि लॅरी डीमार या जोडीने. त्यांच्या छोट्या कंपनीचं नाव होतं 'विड किड्झ', आणि गेम बाजारात आणला शिकागोच्या विल्यम्स इलेक्ट्रॉनिक्सने. जार्विसचं नाव तोवर झालेलं होतं. आर्केडमधला अत्यंत अवघड समजला जाणारा 'डिफेंडर' हा गेम त्याचाच. पण 'डिफेंडर'ला एका जॉयस्टिकसोबत पाच बटणं होती. नवखा माणूस बटणं शोधेपर्यंत त्याचा खेळ संपलेला असायचा.

'रोबोट्रॉन'मध्ये मात्र गोळीबारासाठी एकही बटण नव्हतं. होत्या फक्त दोन जॉयस्टिक. डावी ज्या दिशेला ढकलाल तिकडे तुम्ही चालणार, उजवी ज्या दिशेला ढकलाल तिकडे गोळ्या सुटणार. दोन्हींना आठ-आठ दिशा.

ही कल्पना सुचली कशी?

यामागे दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे १९८० साली आलेला 'बर्झर्क' हा गेम. त्यातही रोबोट अंगावर यायचे आणि त्यांना गोळ्या घालायच्या असायच्या. पण चालणं आणि नेम धरणं, दोन्ही एकाच जॉयस्टिकवर. त्यामुळे एका बाजूला पळत दुसऱ्या बाजूला गोळी मारणं जमायचं नाही. ही गोष्ट जार्विसला खटकत होती.

दुसरी गोष्ट म्हणजे अपघात. गाडीच्या अपघातात जार्विसच्या उजव्या हाताला दुखापत झाली आणि हात प्लास्टरमध्ये गेला. अशा हाताने गोळीबाराचं बटण पटापट दाबणं शक्य नव्हतं, पण दांडी इकडेतिकडे ढकलता येत होती. मग या दोघांनी घरगुती अटारी २६०० च्या दोन जॉयस्टिक जोडून प्रयोग केला आणि तो जमून गेला.

गंमत म्हणजे सुरुवातीला या गेममध्ये गोळीबारच नसणार होता. रोबोटांना चकवायचं आणि पडद्यावरच्या अडथळ्यांवर आदळवायचं, एवढाच बेत होता. तो खेळून दोघंही कंटाळले. मग त्यांनी गोळ्या दिल्या आणि त्याबरोबर रोबोटांची संख्याही भरमसाट वाढवली.

गेममध्ये नेमकं घडतं काय?

साल २०८४. माणसाने बनवलेले रोबोट इतके हुशार झालेत की त्यांना माणूसच निकामी वाटू लागलाय, आणि त्यांनी मानवजात संपवायला घेतलीय. शेवटचं एक कुटुंब उरलंय: आई, बाबा आणि लहानगा मायकी. त्यांना वाचवायचं काम तुमचं.

पडदा सरकत नाही, लपायला भिंत नाही. फेरी सुरू होते तेव्हा तुम्ही मधोमध असता आणि चहूबाजूंनी शत्रू. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी:

- ग्रंट: सरळ तुमच्या दिशेने चालत येणारे. एका गोळीत खलास, पण जितका वेळ काढाल तितका यांचा वेग वाढतो.
- हल्क: मरतच नाहीत. गोळीने फक्त थोडे मागे ढकलले जातात. वाटेत येणाऱ्या माणसांना हेच चिरडतात.
- ब्रेन: पाचव्या फेरीत पहिल्यांदा भेटतात. माणूस हाती लागला की त्याला बदलून तुमच्याच मागे सोडतात.
- स्फेरॉइड: स्वतः गोळ्या मारत नाहीत, पण गोळ्या मारणाऱ्या नव्या शत्रूंना जन्म देतात. त्यामुळे यांना आधी टिपावं लागतं.

खरी मेख कुठे आहे?

ती आहे माणसं वाचवण्याच्या गुणांमध्ये. एक ग्रंट मारला की १०० गुण. पण फेरीतला पहिला माणूस वाचवला की १,०००, दुसऱ्याला २,०००, असं वाढत पाचव्याला ५,०००. त्यापुढच्या प्रत्येकाला ५,०००. मात्र तुम्ही मेलात की हा हिशोब पुन्हा १,००० पासून सुरू.

म्हणजे दर क्षणी एकच प्रश्न. कोपऱ्यात मायकी एकटा आहे, त्याच्याकडे हल्क निघालाय आणि मध्ये ग्रंटांची भिंत. जायचं की आपला जीव सांभाळायचा? थांबलात तर तो जातो, घाई केलीत तर तुम्ही जाता. शिवाय या खेळाला विजयाचा शेवट नाही. एक फेरी संपली की दुसरी सुरू. आपण मरणार हे ठरलेलंच आहे, तोवर किती जणांना वाचवलं एवढंच आपल्या हातात.

पुढे काय झालं?

घरच्या कन्सोलवर हा गेम नेणं सोपं नव्हतं, कारण घरी एका खेळाडूला एकच जॉयस्टिक मिळायची. अटारी ५२०० साठी तर दोन कंट्रोलर शेजारी-शेजारी बसवायचा प्लॅस्टिकचा साचा गेमसोबत द्यावा लागला.

१९९० मध्ये जार्विस आणि मार्क टर्मेल यांनी हीच पद्धत 'स्मॅश टीव्ही'मध्ये वापरली. पुढे कन्सोलच्या कंट्रोलरवरच दोन स्टिक येऊ लागल्या आणि अडचण मिटली. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० वर आलेल्या 'जिओमेट्री वॉर्स: रेट्रो इव्हॉल्व्ह्ड'ने हा प्रकार नव्या पिढीपर्यंत नेला.

२०१७ मध्ये फिनलंडच्या हाऊसमार्क कंपनीने खुद्द जार्विसला सोबत घेऊन 'नेक्स मकिना' काढला. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला, पण विक्री झाली नाही. त्याच वर्षी कंपनीने आर्केड पद्धतीचे गेम थांबवत असल्याचं जाहीर केलं.

नाण्यांवर चालणारी आर्केडची ती दुनिया आता फारशी उरलेली नाही. पण डावा हात पळायला आणि उजवा नेमाला, ही वाटणी मात्र टिकून आहे. पुढच्या वेळी फोन आडवा धरून दोन्ही अंगठे स्क्रीनवर टेकवाल, तेव्हा प्लास्टरमधला तो हात आठवून बघा.