वृषपर्व्याची मोजपट्टी

देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. तिथवर दोरी लावता येत नाही की किरण पाठवून परत येण्याची वाट बघता येत नाही. तरी आकडा आहे, आणि भरवशाचा आहे. तो ज्या मोजपट्टीमुळे पहिल्यांदा हाती आला, तिचं कूळ शोधत गेलं तर एकच सवय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली दिसते: एका ताऱ्याला शेजारच्या ताऱ्याशी ताडून बघायचं.

या कुळाचा मूळ पुरुष जॉन गुडरिक. इंग्लंडातल्या यॉर्क गावचा, लहानपणापासून बहिरा. शेजारी राहणारा एडवर्ड पिगट हा त्याचा आकाश बघण्यातला जोडीदार. १७८४च्या सप्टेंबरात पिगटला गरुड तारकासमूहातला एक तारा कमीजास्त तेजस्वी होताना आढळला. पुढच्याच महिन्यात गुडरिकने वृषपर्वा तारकासमूहातला ‘डेल्टा सेफी’ पकडला. पहिला मान खरा गरुडातल्या ताऱ्याचा. पण या जातीच्या ताऱ्यांना पुढे ‘सेफिड’ हे नाव पडलं ते वृषपर्व्याच्या सेफियस या पाश्चात्त्य नावावरून. गुडरिक वयाच्या एकविसाव्या वर्षी, १७८६ साली वारला.

त्याने जे केलं ते आजही कुणालाही करता येईल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळी उत्तरेकडे शर्मिष्ठेचा एम शोधायचा आणि तिच्या शेजारी वृषपर्वा. त्याच्या एका कोपऱ्यात तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण आहे: डेल्टा, झीटा आणि एप्सिलॉन. झीटा ३.४ प्रतीचा, एप्सिलॉन ४.२ प्रतीचा, आणि दोघेही आपल्या जागी स्थिर. प्रतीचा आकडा वाढला की तारा मंद, एवढं लक्षात ठेवायचं. डेल्टा कधी झीटाच्या बरोबरीला येतो, कधी एप्सिलॉनपेक्षाही डावा ठरतो. चढताना सुमारे दीड दिवस, उतरताना जवळजवळ चार दिवस, की पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण फेरा ५ दिवस ९ तासांचा. यंत्र लागत नाही. रोज आज कोण उजवा, कोण डावा एवढं वहीत टिपायचं.

पुढच्या शंभरेक वर्षांत अशा रूपविकारी ताऱ्यांची यादी लांबत गेली, पण अंतर मोजायला त्यांचा काही उपयोग होईना. रस्त्यावर लांब मिणमिणणारा दिवा मुळातच कमी वॉटचा आहे की नुसता लांब आहे, हे डोळ्यांना कळत नाही. ताऱ्यांचंही तेच. दिसणारं तेज आणि असणारं तेज यांची फारकत करायची, तर सगळे दिवे एकाच अंतरावर टांगलेले असायला हवेत. तशी जागा आकाशात होती, पण दक्षिणेकडे. मॅगेलनी मेघ म्हणजे आपल्या दीर्घिकेच्या शेजारच्या दोन लहान दीर्घिका. महाराष्ट्राच्या आकाशात त्या धड बघण्याइतक्या वर येतच नाहीत. अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेने मात्र पेरू देशातल्या अरेकिपा इथे २४ इंची ब्रूस दुर्बीण बसवली होती. तिथे काचेच्या पट्ट्यांवर फोटो निघत आणि त्या काचा जहाजाने बोस्टनकडे रवाना होत.

त्या काचा बघत बसायचं काम वेधशाळेतल्या बायकांकडे होतं. त्यांना ‘कॉम्प्युटर’ म्हणत, म्हणजे हिशेबनीस. त्यांतली एक हेन्रिएटा स्वॉन लेव्हिट. जन्म १८६८चा, सुरुवातीला बिनपगारी आलेली, नंतर तासाला ३० सेंट मिळवणारी, ऐकू कमी येणारी. काचेवर आकाश पांढरं आणि तारे काळे ठिपके असतात. एका रात्रीच्या काचेचा उलटा ठसा, म्हणजे काळ्यावर पांढरे तारे, दुसऱ्या रात्रीच्या काचेवर नेमका बसवायचा. काळा आणि पांढरा ठिपका एकमेकांना झाकून टाकतात. जिथे झाकत नाहीत, काळ्याची कड बाहेर डोकावते किंवा पांढऱ्याचं कडं राहतं, तिथे तारा बदललेला असतो. मग भिंगाखाली त्याची प्रत ठरवायची, काचेवरच शाईने खूण करायची आणि पुढची काच घ्यायची. १९०८ साली तिने दोन्ही मेघांतले मिळून १७७७ रूपविकारी तारे छापले: धाकट्या मेघातले ९६९ आणि थोरल्यातले ८०८. त्यांतल्या अवघ्या १६ ताऱ्यांचा फेरा तिला काढता आला होता. जो तारा जास्त तेजस्वी, त्याचा फेरा लांब, ही नोंद तिने त्याच लेखात करून ठेवली.

१९१२मध्ये तारे २५ झाले. फेरे सव्वा दिवसापासून १२७ दिवसांपर्यंत, आणि आलेखावर ते जवळपास सरळ रेषेत बसले. धाकट्या मेघातले हे सगळे तारे आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर असणार, म्हणून ही रेषा त्यांच्या खऱ्या तेजाचीच आहे, हा तर्कही तिचाच. पत्रकावर सही मात्र वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांची. मजकूर मिस लेव्हिट यांनी तयार केल्याचं त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं आहे. एवढा धागा हाती आल्यावर तो पुढे ओढायची मोकळीक तिला मिळाली नाही. तिच्याकडे उत्तर ध्रुवाजवळच्या ताऱ्यांच्या प्रती पक्क्या करण्याचं काम होतं, म्हणजे इतरांनी आपले तारे ज्यांच्याशी ताडून बघायचे, ते प्रमाण तारे तयार करण्याचं. १९२१ साली ती कर्करोगाने गेली.

तिच्या रेषेला उतार होता, पण शून्य नव्हतं. पट्टीवर खुणा आहेत, पण पहिली खूण कुठे लावायची ते माहीत नाही, अशी अवस्था. एकदा ती लागली की पुढचं सोपं: फेरा मोजा, त्यावरून खरं तेज घ्या, ते दिसणाऱ्या तेजाशी ताडा. अंतर दुप्पट झालं की तेज चौपट घटतं, या नियमाने उत्तर बाहेर पडतं. डेन्मार्कच्या आयनार हर्ट्झस्प्रुंगने १९१३ साली हे मेघातले तारे म्हणजे डेल्टा सेफीचेच भाऊबंद आहेत हे ओळखलं, आणि आपल्या दीर्घिकेतले १३ सेफिड घेऊन पहिली खूण लावली. धाकट्या मेघाचं अंतर त्याच्या हिशेबाने ३० हजार प्रकाशवर्षं यायला हवं होतं. छापताना एक शून्य गळालं आणि ३ हजार झालं. आज ते सुमारे २ लाख मानतात.

१९२०च्या आसपास खगोलशास्त्रात मोठा वाद होता तो देवयानीतला तेजोमेघ आपल्याच दीर्घिकेत आहे की बाहेर, याचा. आपली दीर्घिकाच ३ लाख प्रकाशवर्षं रुंद आहे, असं खगोलशास्त्रज्ञ हार्लो शॅपलीचं म्हणणं; तिच्या बाहेर काही असण्याची गरज त्याला वाटत नव्हती. ऑक्टोबर १९२३मध्ये माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीतून एडविन हबलने देवयानीची एक काच घेतली. तीन ठिपक्यांपाशी त्याने नवतारा म्हणून ‘एन’ लिहिलं. जुन्या काचांशी ताडल्यावर त्यांतला एक ठिपका आधीही येऊन-जाऊन असल्याचं कळलं. हबलने ‘एन’वर काट मारली आणि बाजूला ‘व्हार’, म्हणजे रूपविकारी, लिहून पुढे उद्गारचिन्ह ठोकलं. ते अक्षर काचेवर अजून आहे. तारा सेफिड निघाला: फेरा ३१.४ दिवसांचा, अंतर सुमारे ९ लाख ३० हजार प्रकाशवर्षं. १ जानेवारी १९२५ रोजी वॉशिंग्टनच्या सभेत हे जाहीर झालं, आणि वादाचा निकाल लागला.

निकाल बरोबर होता, आकडा मात्र जवळपास तिपटीने तोकडा. त्याचं एक मोठं कारण सापडायला महायुद्ध व्हावं लागलं. माउंट विल्सनखालच्या लॉस एंजेलिसमध्ये दिवे मालवलेले असायचे; जर्मन नागरिक असल्याने खगोलशास्त्रज्ञ वाल्टर बाडला युद्धाच्या कामावर घेतलं नव्हतं; मोठी दुर्बीण त्याला भरपूर मिळाली. देवयानीच्या गाभ्यातले तारे आणि बाहेरच्या भुजांमधले तारे वेगळ्या पिढ्यांचे आहेत, हे त्याने दाखवलं. पुढे पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून देवयानीतले ‘आरआर लायरी’ जातीचे तारे दिसायलाच हवे होते, ते दिसेनात. म्हणजे देवयानीच मानली होती त्याहून लांब. सेफिडही दोन घराण्यांचे आहेत आणि आपण तेजस्वी घराण्यातल्यांना मंद घराण्याच्या पट्टीने मोजत होतो, हे त्याने १९५२ साली रोमच्या परिषदेत सांगितलं. दीर्घिकांची अंतरं एका फटक्यात दुप्पट झाली. जुन्या अंतरांवरून विश्वाचं वय पृथ्वीच्या वयापेक्षा कमी निघत होतं, तो पेचही बराच सैल झाला.

तारा मुळात धडधडतो कशामुळे, हेही त्याच सुमारास उलगडलं. पृष्ठभागाखालच्या एका थरात हीलियम तापून आणखी एक इलेक्ट्रॉन गमावतो, तसा तो थर अपारदर्शक होतो, उष्णता कोंडून धरतो आणि तारा फुगतो. फुगला की थर निवतो, उष्णता सुटते, तारा आकसतो. मोठ्या ताऱ्यात पदार्थ विरळ असतो, म्हणून त्याची धडधड संथ; आणि मोठा म्हणूनच तो तेजस्वी. लेव्हिटच्या रेषेचं मर्म हे आहे.

हबलच्या नावाची दुर्बीण अवकाशात गेल्यावर वेंडी फ्रीडमन यांच्या गटाने सेफिडांवरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढला, २००१ साली: ७२. म्हणजे दर ३३ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला ७२ किलोमीटर. नंतर अॅडम रीस यांच्या गटाचा आकडा ७३च्या आसपास स्थिरावला. विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रारणावरून मात्र ६७ येतो. दूरच्या दीर्घिकांत सेफिडाला चिकटून दिसणारे तारे त्याच्या तेजात भर घालत असतील, अशी शंका होती. इतकी वर्षं कामी आलेले शेजारीच इथे आरोपी झाले. वेब दुर्बिणीने हे ठिपके सुटे करून पाहिले. २०२४ साली रीस यांच्या गटाने १३ कोटी प्रकाशवर्षांपर्यंतचे सेफिड तपासून शेजाऱ्यांना निर्दोष ठरवलं. तरी फरक मिटलेला नाही, आणि एकट्या सेफिडांच्या साक्षीवर तो मिटणारही नाही. म्हणून आता त्याच दीर्घिकांतले लाल राक्षसी तारे आणि कार्बन तारे मोजून त्यांची अंतरं सेफिडांच्या अंतरांशी लावून बघतात. गुडरिकने ताऱ्याशी तारा ताडला; आज मोजपट्टीशी मोजपट्टी ताडण्याचं काम चालू आहे.