ठोका नेमका चुकतो कुठे?

पुणे–सातारा रस्त्यावर भोरचा फाटा फुटतो ते कापूरहोळ इतिहासात येते धाराऊ गाडे यांच्या नावाने. १६५७ साली पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांची ही दूधआई. त्या काळी या मुलखात कुणाच्या छातीत धडधडू लागले, तर भिस्त वैद्याच्या तीन बोटांवर. ही नाडीपरीक्षा चरक-सुश्रुतांपासून चालत आली असे आपण धरून चालतो. पण चरक, सुश्रुत, वाग्भट या तिघांच्याही ग्रंथांत निदानाचे साधन म्हणून नाडी भेटत नाही. ती रीतसर मांडलेली दिसते शार्ङ्गधरसंहितेत, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास. वाताची नाडी जळू-सापाच्या चालीची, पित्ताची बेडकासारखी उडणारी, कफाची हंसासारखी संथ. थांबून थांबून चालणारी नाडी शार्ङ्गधराने प्राणघातक ठरवली. ताल मोडल्याचे बोटांना कळत होते. कारण मात्र दोषांत शोधले जाई.

धाराऊंच्या काळाआधीच, १६२८ साली, हार्वेने रक्ताभिसरण मांडून नाडीचा धागा थेट हृदयाला बांधला होता. १८१६ मध्ये लाएनेकची छाती ऐकण्याची नळी, म्हणजे स्टेथोस्कोप, आली आणि डॉक्टरांना एकाच वेळी छातीही ऐकता येऊ लागली, मनगटही चाचपता येऊ लागले. छातीत ११० ठोके आणि मनगटावर ८५, असा फरक पडला की काही ठोके हातापर्यंत पोहोचतच नाहीत हे उघड होई. ही मोजणी पुरे एक मिनिट करावी लागते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची आपली सवय इथे हमखास फसवते.

खरे वळण दिले ते इंग्लंडातल्या बर्नली या गिरणगावातल्या जेम्स मॅकेन्झी या साध्या फॅमिली डॉक्टरने. मानेतल्या शिरेचे आणि मनगटाचे स्पंदन तो एकाच कागदावर शेजारी-शेजारी उमटवून घेई. १८९०च्या दशकात, वर्षानुवर्षे पाहिलेल्या एका रुग्णाची नाडी अस्ताव्यस्त झाली आणि त्याच वेळी मानेतली, हृदयाच्या वरच्या कप्प्याची लाट कागदावरून नाहीशी झाली. कप्पा लुळा पडला असावा, असा त्याने तर्क केला. तर्क चुकला, पण जागा अचूक सापडली होती. लायडनच्या आइन्थोवेनने विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाची वीज टिपणारे यंत्र उभारले: वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसे, रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात. त्या आलेखावरून १९०९ साली थॉमस लुईसने दाखवून दिले की वरचा कप्पा लुळा नसतो, तो अखंड थरथरत असतो. आजही ईसीजीच्या पट्टीवर डॉक्टर तेच शोधतात: ठोक्याआधीची छोटी 'पी' लाट गायब, आणि दोन उंच टोकांमधले अंतर प्रत्येक वेळी निराळे.

आपल्याकडे वरचा कप्पा थरथरण्याच्या या विकाराची एक वाट संधिवाताच्या तापातून जाते. लहानपणी घसा बिघडतो, पुढे ताप आणि सांधेदुखी, मग वर्षांनी हृदयाची झडप अरुंद होते. त्यामुळे ऐन तरुण वयातही ताल सुटलेला सापडतो. थरथरत्या कप्प्यात रक्ताची गुठळी धरते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या द्यायच्या त्या यासाठी, आणि निदानाची घाई आहे तीही यासाठीच.

अडचण अशी की हा विकार येतो-जातो. कापूरहोळहून पुण्याला पोहोचेपर्यंत धडधड थांबलेली असते आणि पट्टी अगदी नॉर्मल निघते. या लपंडावावर अमेरिकेतल्या नॉर्मन होल्टरने १९४०च्या दशकाच्या अखेरीस तोड काढली ती माणसाच्या पाठीवर सुमारे ३८ किलोंचे यंत्र चढवून. आज त्याच्याच नावाचे यंत्र शर्टाखाली लपते आणि २०१८पासून मनगटी घड्याळही ईसीजी काढते. घड्याळाच्या इशाऱ्यावर गोळी सुरू होत नाही. किमान ३० सेकंदांची पट्टी डॉक्टरांनी स्वतः वाचावी लागते. म्हणून धडधड चालू असतानाच भोरच्या किंवा जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्यावा आणि तो कागद पुण्याच्या फायलीत सर्वांत वर लावावा.