दंतरोपणावरील जंतुरोधक विलेपने

पडलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसविण्यात येणाऱ्या टिटॅनियमच्या स्क्रूवर, सूक्ष्मजंतूंनी तेथे ठाण मांडू नये म्हणून चढविलेले पातळ थर. टिटॅनियमशी हाड एकजीव होते हे स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी सशांवरील प्रयोगांत पाहिले आणि १९६५ मध्ये मनुष्याच्या जबड्यात पहिले रोपण केले. परंतु हाडास पकड देणारा खडबडीत पृष्ठभाग जंतूंसही तितकाच मानवतो, आणि हिरडीच्या कडेखाली उतरलेला त्यांचा चिकट थर कालांतराने रोपणाभोवतीचे हाड झिजवितो. सबब विलेपनाने जंतूंस मज्जाव करून अस्थिपेशींस मात्र मुक्तद्वार ठेवावे, अशी बरीचशी परस्परविरोधी अपेक्षा त्याजकडून केली जाते.

चांदीचे सूक्ष्मकण प्रभावी खरे, पण मात्रा वाढताच ते शरीराच्या पेशींनाही अपाय करतात. प्रतिजैविके लवकर झिरपून जातात व मागे उरलेल्या अल्प अंशाने जंतू निर्ढावण्याचे भय असते. टिटॅनियम नायट्राइडचा कठीण थर जंतूंना मारीत नाही, चिकटू मात्र कमी देतो.

या विषयाची कच्ची सामग्री रत्नागिरीकरांच्या पायाखालची आहे. मालगुंड ते पूर्णगड या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट हे टिटॅनियमचे खनिज आढळते (जगात त्याचा मोठा वाटा दाताच्या नव्हे, भिंतीच्या पांढऱ्या रंगाकडे जातो, हा भाग वेगळा). आणि मिरकरवाडा बंदरात उतरणाऱ्या कोळंबीच्या टरफलांत कायटिन असते. अम्लाने त्यातील क्षार व सौम्य अल्कलीने प्रथिने काढून, उरलेला भाग तीव्र अल्कलीत तापविला म्हणजे कायटोसान मिळते, ज्याचे धनभारित गट जंतूंच्या ऋणभारित आवरणास बिलगून ते सच्छिद्र करतात व आतील द्रव्य बाहेर गळू देतात. अस्थिपेशींस ते सोसते, म्हणून प्रस्तुत लेखकास ते चांदीहून अधिक आश्वासक वाटते. तथापि ओलाव्यात ते फुगते, धातूवरील त्याची पकड बेताची असते, आणि स्क्रू हाडात पिळताना लेप खरवडला जाण्याची जी सर्वच विलेपनांची अडचण, तीतून त्याचीही सुटका नाही. शिवाय बहुतेक लेपांची परीक्षा प्रयोगशाळेतील तबकडीत एकदोन जातींच्या जंतूंवर होते, मुखात मात्र शेकडो जाती लाळेच्या आवरणाखाली एकत्र नांदत असतात.